ऑपरेशन वरच्या जबड्याचं, मग तोंड उघडत का नाही?

2021 मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' हा शब्द घराघरात पोचला. म्युकरमायकोसिसमुळे वरचा जबडा काढावा लागलेली माणसं तेव्हापासून आपल्या आसपास वावरताहेत. तंबाखू, मावा, मिश्री यांच्यापायी तोंडाचा कॅन्सर होऊन त्याच ऑपरेशनला सामोरे जाणारे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. निपाणीचा तंबाखूपट्टा हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात हे पटवायला आकडे लागत नाहीत.

जीव वाचतो, चेहरा बऱ्यापैकी जुळून येतो, टाके निघतात. मग दोन-तीन महिन्यांनी नवीच तक्रार सुरू होते: तोंड उघडत नाही. भाकरीचा घास जात नाही, ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही, टाळूचं भोक झाकणारी प्लेट आत सरकत नाही. घरचे समजूत घालतात, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, एवढं चालायचंच."

ही समजूतच घात करते. तोंड ऑपरेशनच्या दिवशी बंद होत नाही. ते पुढच्या काही महिन्यांत दिवसाला केसभर असं मिटत जातं, म्हणून ते रोखायलाही वेळ मिळतो. मात्र ते कशाने अडतंय हे आधी कळायला हवं. काही अडथळे ताणून सुटतात, काही ताणल्याने बिघडतात आणि काही ताणत बसलं तर खऱ्या रोगाला वेळ मिळतो.

डॉक्टर याला 'ट्रिसमस' म्हणतात. कागदावर हा शब्द दिसला तर अर्थ इतकाच, की तोंड हवं तेवढं उघडत नाही.

किती उघडलं म्हणजे पुरेसं?

वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजायचं. मोठ्या माणसात ते साधारण 40 ते 50 मिलिमीटर असतं, बायकांमध्ये थोडं कमी. 35 किंवा त्याहून कमी झालं की डॉक्टर तोंड आखडलं असं धरतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःचीच तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) एकावर एक येतील अशी उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहा. दोनच जात असतील तर तपासून घ्यायला हवं. एकच जात असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

बोटांवर फार विसंबू नये. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी शून्याच्या रेषेपाशी कापून घ्या आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी व्यायामाच्या आधी मोजून वहीत लिहा. दरवेळी तेच दोन दात धरा. वरचे पुढचे दात ऑपरेशनमध्ये गेले असतील तर हिरडीपासून मोजा आणि तसं वहीत नोंदवा, कारण दाताची उंची वजा झाल्याने तो आकडा मोठा दिसतो. प्लेट घालून मोजलं की काढून, हेही लिहा. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातला असू शकतो. पाच मिलिमीटरचा फरक खरा समजायचा.

ऑपरेशनच्या आधीचा आकडा मात्र हमखास राहून जातो. आधी 45 उघडणाऱ्याचं तोंड 25 वर आलं, तर ते ऑपरेशन आणि रेडिएशनमुळे. माव्यामुळे आधीपासूनच 28 असलेल्याचं 25 झालं, तर गोष्ट अगदी वेगळी. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की सर्जनना आधीचं अंतर फाईलवर लिहायला सांगा.

हलतो खालचा जबडा, मग वरचा कापल्यावर तो का अडकतो?

वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो, तो हलत नाही. तोंड उघडतं ते खालचा जबडा कानापुढच्या सांध्यात फिरतो आणि पुढे सरकतो म्हणून. पण त्याला वर ओढून तोंड मिटवणारे स्नायू वरच्या जबड्याला खेटूनच असतात. गालावरून दिसणारा चावण्याचा स्नायू वर गालाच्या हाडाला धरलेला असतो. कानशिलावरून पंख्यासारखा उतरणारा दुसरा स्नायू गालाच्या हाडामागून जाऊन खालच्या जबड्याच्या एका टोकदार भागाला चिकटतो. तिसरा आतून असतो. तो खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने वर चढत कवटीच्या तळाशी असलेल्या दोन पातळ हाडी पट्ट्यांपर्यंत जातो, आणि या पट्ट्या वरच्या जबड्याच्या अगदी पाठीला टेकलेल्या असतात.

वरचा जबडा मागपर्यंत काढायचा तर सर्जनला या पट्ट्यांपासून तो सोडवावा लागतो. रोग मागे सरकला असेल तर पट्ट्यांसकट, तिथल्या स्नायूच्या तुकड्यासकट काढावा लागतो. तिथे शिरांचं दाट जाळं असतं, त्यामुळे रक्त साचतं. साचलेलं रक्त आणि कापलेला स्नायू भरून येताना तिथे वण तयार होतो, आणि वण म्हटला की आखडणं आलंच. ही जागा गालाच्या आत खोलवर असल्याने बाहेरून काही दिसत नाही. चेहऱ्यावरचा टाका सुरेख भरलेला असतो आणि आतून मात्र खालच्या जबड्याला कोणीतरी दोरीने बांधल्यासारखं होतं.

आणखी एक अडचण आहे. तोंड मिटवणारे स्नायू दणकट असतात, उघडणारे त्या मानाने किरकोळ. उघडण्याची सुरुवात करून देणारा छोटा स्नायूही त्याच हाडी पट्टीवरून निघतो. तो दुखावला की जोडी आणखीच विषम होते. म्हणून या रुग्णांनी आरशासमोर तोंड उघडलं की हनुवटी ऑपरेशन झालेल्या बाजूकडे वळताना दिसते.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे तोंड कमी उघडणारच. तेव्हा सूज असते, दुखतं, स्नायू आपोआप आवळून धरतात. यातलं बरंचसं ओसरतं. खरा धोका तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू होतो, कारण वणातले तंतू तेव्हा आकसायला लागतात आणि पुढचे सहा ते बारा महिने हळूहळू घट्ट होत जातात. चपलेचं चामडं ओलं असेपर्यंत कारागीर ते हवं तसं ओढून बसवतो, एकदा आकसून वाळलं की तेच चामडं हटून बसतं. वणाचंही तसंच आहे.

नवं लावलेलं हाड-मांसच आड येतं का?

कधी कधी येतं, आणि हे रुग्णाला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

जबडा काढल्यावर उरलेली पोकळी दोन तऱ्हांनी झाकतात. एक तर काढता-घालता येणारी प्लेट, जिला दंतवैद्य 'ऑब्च्युरेटर' म्हणतात. तिचा फुगीर भाग पोकळीत बसतो आणि तोंड नाकापासून वेगळं करतो. नाहीतर शरीराच्या दुसऱ्या भागातून कातडी, मांस, गरज पडल्यास हाड आणून तिथे लावतात. याला 'फ्लॅप' म्हणतात. मांडीचं मांस, हाताची पातळ कातडी, पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड हे नेहमीचे पर्याय. रक्तवाहिनी गालातल्या बोगद्यातून मानेपर्यंत नेऊन तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

आता मघाचा तो टोकदार भाग आठवा, कानशिलाचा स्नायू जिथे चिकटतो तो. तोंड उघडताना हे टोक पुढे आणि खाली सरकतं, आणि गालाचं हाड व वरच्या जबड्याची पाठ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत येतं. तीच जागा जाड फ्लॅपने, टायटॅनियमच्या पट्टीने किंवा प्लेटच्या कडेने भरली असेल तर टोक आदळतं आणि तोंड तिथेच थांबतं. हा धोका ओळखून काही सर्जन मुख्य ऑपरेशनमध्येच ते टोक काढून टाकतात.

प्लेटवर संशय असेल तर तपासणं अगदी सोपं आहे. प्लेट घालून मोजा, मग काढून मोजा. काढल्यावर अंतर पाच मिलिमीटर किंवा जास्त वाढलं, तर दोष प्लेटच्या मागच्या-बाहेरच्या कडेत असण्याची दाट शक्यता आहे. गालात आत त्याच ठिकाणी लाल झालेलं किंवा सोललेलं दिसतं. दंतवैद्य ती कड खुर्चीतच घासून देतात. घरी कानस किंवा ब्लेड चालवू नये. प्लेट पातळ पडली की फुटते, आणि चुकीची कड गेली तर पाणी नाकातून यायला लागतं.

कानशिलाचाच स्नायू फिरवून पोकळी भरली असेल तर तोंड आखडण्याचा धोका जास्त, कारण मिटवणाऱ्या स्नायूलाच नव्या जागी चिकटवलेलं असतं. पायाच्या हाडाच्या फ्लॅपमध्ये वेगळीच गंमत होते (रुग्णाच्या दृष्टीने गंमत नाहीच). रक्तवाहिनीबरोबर हाडावरचं पातळ आवरण येतं, आणि हाड तयार करणं हे त्या आवरणाचं कामच. काही जणांत ते गालाच्या बोगद्यातही हाड बनवू लागतं. काही महिन्यांनी गालात किंवा जबड्याखाली दगडासारखी रेघ लागते आणि तोंड कमी उघडतं. अशा वेळी गाठ लागली म्हणून कॅन्सर परतला असं समजून घर हवालदिल होतं. सीटी स्कॅनमध्ये हाड स्पष्ट दिसतं आणि शंका मिटते.

रेडिएशन आणि जुना मावा

कॅन्सरच्या रुग्णाला ऑपरेशननंतर बहुधा रेडिएशन लागतं, साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. किरणं चावण्याच्या स्नायूंवर पडली की स्नायूची जागा हळूहळू न ताणणारे तंतू घेतात. उपचार चालू असताना त्रास तोंड येण्याचा असतो. आखडणं नंतर जाणवतं आणि पहिल्या नऊ-दहा महिन्यांत सर्वात वेगाने वाढतं. "रेडिएशन संपलं, सुटलो" असं म्हणून व्यायाम थांबवणारे नेमके इथे फसतात.

म्युकरमायकोसिसच्या रुग्णाला रेडिएशन नसतं, ही त्याची जमेची बाजू. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना मधुमेह असतो. साखर हाताबाहेर असली की जखम चिघळते, पुन्हा पुन्हा पू होतो, आणि प्रत्येक वेळी नवा वण तयार होतो.

मावा-गुटख्यातल्या सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरी, चिवट होते आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मावा कसा आणि कुठे मिळतो ते टपरीवर उभं राहणाऱ्या कोणालाही विचारा. हे पट्टे ऑपरेशनआधीपासून असतील तर कारणं दोन झाली, आणि फक्त ऑपरेशनच्या बाजूला ताण देऊन भागत नाही. ऑपरेशननंतरही सुपारी चालू ठेवली तर व्यायाम करून मिळवलेलं सुपारी परत घेते. मिश्रीचंही समर्थन करू नये, तिने कॅन्सरचा धोका तसाच राहतो.

अडथळा मऊ की कडक?

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट दोन बोटांनी तोंड हलकेच आणखी उघडून पाहतात. शेवटाला थोडं लवचिक लागलं, ओढल्यावर एखादा मिलिमीटर मिळाला, तर कारण स्नायू किंवा वण. तिथे व्यायामाने फायदा होतो. एका ठरावीक जागी ठक्कन थांबलं, पुढे काहीच हललं नाही, तर हाड किंवा धातू आड आहे. तिथे कितीही ताणलं तरी फक्त दात दुखतील. अशा वेळी तोंड मिटून आणि उघडून असे दोन सीटी स्कॅन काढले की काय कुठे आदळतंय ते दिसतं.

बऱ्याच जणांना ही तपासणी न होताच "तोंडाचा व्यायाम करा" एवढंच सांगितलं जातं. पुढच्या भेटीत आपणच विचारावं: मऊ अडतंय की कडक?

व्यायाम नक्की कसा करायचा?

आधी परवानगी. फ्लॅप लावलेला असेल तर सर्जन साधारण दहा ते चौदा दिवसांनी हलका व्यायाम सुरू करायला सांगतात, नुसती प्लेट असेल तर बऱ्याचदा त्याआधी. टाके, रक्तवाहिनीचा जोड आणि हाडाला लावलेल्या धातूच्या पट्ट्या कुठे आहेत हे त्यांनाच माहीत असतं, त्यामुळे तारीख त्यांनी द्यायची.

पहिले काही दिवस हत्यार काहीच नाही. तोंड जमेल तितकं उघडून दहा सेकंद धरायचं, मग खालचा जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे सरकवायचा. प्रत्येक हालचाल पाच-दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. मग बोटांचा ताण: अंगठा वरच्या दातांवर, तर्जनी खालच्या दातांवर, कात्रीसारखं फाकवायचं.

त्यानंतर काड्या. डॉक्टर घसा बघताना जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी चपट्या काड्या मेडिकलमध्ये मिळतात. एकेक साधारण दीड मिलिमीटरच्या थोडी वर जाडीची असते. स्टेशनरीच्या दुकानातल्या कोऱ्या आईस्क्रीमच्या काड्याही चालतात, पण त्यांची जाडी वेगळी असते. दहा काड्या एकावर एक ठेवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. 1.6 मिलिमीटरची काडी असेल तर 20 मिलिमीटर म्हणजे बारा-तेरा काड्या आणि 35 मिलिमीटर म्हणजे बावीस.

खुर्चीत डोकं मागे टेकवून बसा. सहज मावतील तेवढ्या काड्यांची चळत दातांमध्ये ठेवा. मग पुढची एक काडी चळतीच्या मधोमध सरकवा, दाताला घासून नाही. ताण जाणवला पाहिजे. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. तीस सेकंद धरा, नाकाने श्वास घ्या, काडी काढा, क्षणभर थांबा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच बैठका. दिवसाचे साडेबारा मिनिटं ताण होतो. दुसरी प्रचलित पद्धत सात-सात-सातची: सात सेकंद, सात वेळा, दिवसातून सात बैठका. तिला सहा मिनिटांहून कमी वेळ लागतो, पण सात वेळा आठवण ठेवावी लागते. कामावर जाणाऱ्याला पहिली सोयीची पडते. कोणतीही चालेल, पण एक धरून ठेवा. नवी काडी दोन-तीन दिवस सहज मावली की मगच पुढची.

व्यायामानंतर तासाभराने दुखणं शमलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही जबडा ठणकत असेल किंवा तोंड आदल्या दिवशीपेक्षा कमी उघडत असेल तर जोर जास्त झाला. जास्त जोराने स्नायूत बारीक चिरा पडतात आणि त्यातून नवा वण तयार होतो. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर ती सकाळच्या बैठकीआधी अर्धा तास घ्यावी. आठवड्याला एखादा मिलिमीटर मिळाला तरी चाल चांगली आहे.

वरचा जबडा काढलेल्यांसाठी एक खास इशारा. चळत कुठे ठेवायची? चांगल्या बाजूच्या दातांवर, आणि शक्यतो एकाच दातावर नाही. कापलेल्या कडेला लागून असलेल्या दाताला एका बाजूने हाडाचा आधार नसतो. सगळा भार त्यावर आला तर तो हलतो, आणि तोच दात प्लेट धरून ठेवणारा असतो. फ्लॅपवर काड्या कधीच टेकवू नका. तिथे स्पर्श कळत नाही, त्यामुळे जखम झाली तरी समजत नाही. नव्याने बसवलेल्या इम्प्लांटवर भार द्यायचा की नाही हे दंतवैद्याला विचारा. वर दातच नसतील तर हिरडीवर भार पसरवणारी ॲक्रिलिकची गादी बनवून घ्यावी लागते.

काड्या तोंडातून निघाल्या की साबणाने धुऊन उन्हात वाळवा, चार-पाच दिवसांनी टाकून द्या. ओल्या लाकडावर बुरशी येते, आणि म्युकरमायकोसिस होऊन गेलेल्या माणसाला तो धोका कशाला?

दंतवैद्यांकडे धातूचा तोंड उघडायचा स्क्रू असतो, कोणी शंकूच्या आकाराचा आटे पाडलेला ॲक्रिलिकचा स्क्रू देतात. दोन्ही उपयोगी, पण जोर दोन-तीन दातांवरच एकवटतो. शिकवल्याशिवाय घरी फिरवू नयेत. हाताने दाबायचं तरफेचं यंत्रही मिळतं. त्याच्या गाद्या भार बऱ्याच दातांवर वाटतात. ते महाग असतं. गगनबावडा किंवा चंदगडहून दर आठवड्याला एसटीने फिजिओथेरपीला येणं कुणाला झेपत नाही, अशा माणसाने काड्यांची चळत आणि वही सांभाळली तरी तो पुष्कळ मिळवतो.

च्युइंग गम, फुगे, गरम शेक?

च्युइंग गमने मिटवणाऱ्या स्नायूंना व्यायाम होतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

फुगे फुगवायचा सल्ला माव्याने गाल आखडलेल्यांना दिला जातो. तिथे गाल ताणले जातात, जबडा उघडत नाही. वरचा जबडा काढलेल्याने तो सल्ला उचलू नये. टाळूचा टाका ताजा असताना हवेच्या दाबाने तो उसवतो आणि नाक-तोंडात भोक पडतं.

शेकाबद्दल जास्त सांभाळून. ओलसर कोमट शेकाने स्नायू सैल पडतो हे खरं. पण वरच्या जबड्याबरोबर गालाची संवेदना देणारी नस बऱ्याचदा जाते, गाल बधिर असतो. रेडिएशन झालेली कातडीही नाजूक असते. गरम पाण्याची पिशवी लावली आणि संध्याकाळी फोड दिसला, असं सहज होतं. शेक घ्यायचाच तर कोमट ओला पंचा, आधी मनगटावर तपासून, दहा मिनिटं, आणि फ्लॅपवर नाही. तेल चोळून आतला वण सुटत नाही.

"पातळ खातोय की, मग काय बिघडलं?"

हा सर्वात जास्त ऐकू येणारा प्रश्न. पांढरा रस्सा गाळून, नाचणीचं आंबील, दूध, मऊ भात-पिठलं यांवर माणूस दिवस काढू शकतो. आंबील आणि दूध यांची तर इकडे कमतरता नाही. पण जखम भरायला प्रथिनं लागतात, दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम. नुसत्या आंबिलावर ती भागत नाहीत. त्यात दूध पावडर, अंडं, वाटलेली डाळ, शिजवून मिक्सरमध्ये फिरवलेलं चिकन घालावं लागतं. भाकरी रश्श्यात कुस्करून पूर्ण भिजवली तर चालते. तांबड्या रश्श्याचं तिखट रेडिएशन झालेल्या तोंडाला सहा-आठ महिने तरी झेपत नाही. दर आठवड्याला वजन करा. महिन्यात तीन किलो उतरलं तर सांगा.

दुसरं, दात. रेडिएशननंतर लाळ आटते आणि दात झपाट्याने किडतात. तोंड उघडत नाही म्हणून दंतवैद्याला मागची दाढ भरता येत नाही. ती काढायची वेळ आली तर किरणं लागलेलं हाड भरून येत नाही, कुजू शकतं. म्हणून लहान मुलांचा ब्रश, फ्लोराईडची पेस्ट आणि दिवसातून चार-पाच गुळण्या: एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा.

तिसरं, प्लेट. सुरुवातीच्या महिन्यांत ती रात्रीही घालायला सांगतात आणि धुण्यापुरतीच काढायला. काही दिवस बाहेर ठेवली तर पोकळी आकसते आणि प्लेट बसत नाही. तोंड इतकं आखडलं की प्लेटच आत जात नाही, तर पाणी नाकातून येतं, बोललेलं कळत नाही. नवीन माप घ्यायलाही तोंड उघडायला लागतं. अशा वेळी दोन तुकड्यांत आत घालून जोडायची किंवा मऊ सिलिकॉनच्या फुग्याची प्लेट बनवता येते. बनवणाऱ्याचा कस लागतो आणि बऱ्याच फेऱ्या होतात. प्लेट आज बसली नाही तर आजच फोन करा.

चौथं कोणाच्या ध्यानातही येत नाही. उद्या अपेंडिक्ससाठी पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर श्वासाची नळी तोंडातून घालता येणार नाही. भूलतज्ज्ञ दुर्बिणीच्या मदतीने नाकातून घालतात, पण त्याला तयारी लागते. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूला, तोंड किती मिलिमीटर उघडतं.

उघडलेलं तोंड पुन्हा मिटायला लागलं तर?

वहीचा खरा उपयोग इथे. व्यायाम नेमाने चालू आहे, 32 पर्यंत आलो होतो आणि आता 30, 27, 24 असं उतरतंय, तर जोर वाढवू नका. तपासणी करून घ्या. चार-पाच दिवसांत एकदम आखडलं, सोबत ताप, सूज, घाण वास असेल तर बहुधा पू झालाय. हळूहळू आखडत असेल आणि कानात कळ मारते, गालात नवीन बधिरपणा, नाकातून रक्त किंवा काळपट स्राव, डोळा पुढे आल्यासारखा किंवा एकाचे दोन दिसणं, यांपैकी काहीही असेल तर आठवड्याच्या आत स्कॅन व्हायला हवा. कॅन्सर जबड्यामागच्या त्या खोल जागेत परतला तर पहिली खूण बऱ्याचदा तोंड आखडणं हीच असते. बुरशीही तिथेच दबा धरून राहू शकते. डोळ्यांची लक्षणं असतील तर त्याच दिवशी जा.

भूल देऊन एकदाच उघडून टाकता येत नाही का?

येतं, पण टिकत नाही. ओढून फाटलेला वण पुन्हा वणानेच भरतो, आणि जोर लागताना किरणं लागलेला जबडा किंवा दात मोडू शकतो. बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने स्नायूच्या कळा कमी होतात, रेडिएशनने आखडलेलं तोंड मात्र त्याने उघडत नाही. पेंटॉक्सिफायलिन नावाची गोळी काही डॉक्टर देतात. तिने काहींना थोडे मिलिमीटर मिळतात, पण मेंदूत किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांना ती चालत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा.

दोन वर्षं उलटून गेलेल्यांनाही रस्ता आहे. व्यायामाने मिळणारे मिलिमीटर कमी आणि उशिरा मिळतात, पण मिळतात. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. हाडाचं टोक आदळत असेल तर ते काढणं तुलनेने छोटं काम असतं. फ्लॅप जाड असेल तर तो पातळ करता येतो. नको तिथे हाड बनलं असेल तर ते काढता येतं. वण खोल असेल तर तो कापून मोकळ्या झालेल्या जागी नवी कातडी किंवा नवा फ्लॅप लावावा लागतो, नाहीतर दोन महिन्यांत परत तेच. रेडिएशन झालेल्या भागात हे सगळं अवघड, आणि रोग परतलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय सर्जन हात लावत नाहीत.

या प्रत्येक ऑपरेशननंतर काड्यांची चळत परत हातात घ्यावी लागते, सर्जननी परवानगी दिली की लगेच, आणि किमान सहा महिने. टेबलावर भुलेत 38 मिलिमीटर उघडलेलं तोंड व्यायाम न केल्यास घरी 22 वर येऊ शकतं. म्हणून काही सर्जन ऑपरेशन ठरवण्याआधी मागच्या दोन-तीन महिन्यांची वही बघायला मागतात.